पाला जाळायचा नाही, कचऱ्याची गाडी घेत नाही, मग करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधली जुनी सोसायटी. आवारात ४० च्या वर मोठी झाडं: रेन ट्री, आंबे, सोनमोहर, कडुनिंब, कडेला चार नारळ. लागूनच महापालिकेचं लहान उद्यान. जानेवारी ते एप्रिल आवारात पाचोळ्याचा खच पडतो. माळी तो कोपऱ्यात जाळायचा, त्यावर तक्रारी झाल्या. ओल्या कचऱ्याची गाडी पाला घेत नाही. आता सभासदांपैकी कोणी ब्रिकेटचं (पाला-भुसा दाबून जळणाच्या कांड्या करायचं) मशीन सुचवतंय, कोणी गांडूळखत, कोणी बायोचार, म्हणजे पाल्याचा कोळसा. चिटणीस बाई विचारतात, पैसे नेमके कशावर घालायचे?

मी पुण्यातल्या सार्वजनिक आणि खासगी बागांची कामं २५ वर्षं पाहतो आहे. माझं उत्तर असं की पहिले सहा महिने मशीनवर एक रुपयाही घालू नका. जिथे जिथे हे काम फसलेलं मी पाहिलं, तिथे ते खड्ड्यात किंवा मशीनपाशी फसलं नव्हतं, सकाळच्या झाडलोटीपाशीच फसलं होतं. माळी खराट्याने सगळं एका ढिगात लोटतो: सुका पाला, कापलेलं ओलं गवत, मेंदीच्या कुंपणाची छाट, बोटाएवढ्या डहाळ्या, नारळाची झावळी, वेफर्सचं पाकीट आणि वर वीतभर माती-खडी. अशा ढिगाचं काहीच होत नाही. वेगवेगळा ठेवला, तर यातल्या प्रत्येक वस्तूला आपापला उपयोग आहे. म्हणून सुरुवातीला आवारात चार जागा ठरवा: पाल्याची, गवताची, काड्या-डहाळ्यांची आणि जाड लाकडाची. पाट्या लावा. प्लास्टिकसाठी माळ्याच्या कमरेला एक पिशवी बांधा, म्हणजे झाडतानाच ते वेचलं जाईल. नंतर कुजलेल्या खतातून प्लास्टिकचे तुकडे निवडणं हे अतिशय कंटाळवाणं काम आहे आणि ते कोणी करत नाही.

त्याही आधी एक गोष्ट पाहा. आज झाडला जाणारा सगळा पाला झाडायची खरंच गरज आहे का? चालायच्या वाटा, पार्किंग, गटारांच्या जाळ्या आणि गच्ची रोज साफ हव्यात, यात वाद नाही. पण झाडाच्या आळ्यात, कुंपणालगतच्या पट्ट्यात, शोभेच्या झुडपांखाली पडलेला पाला तिथेच राहू द्या. उलट वाटेवरचा पालाही तिकडेच लोटा. तीन-चार इंचांचा थर ठेवला, की एप्रिलच्या उन्हात त्याखालची माती हाताला गार लागते, पाणी कमी द्यावं लागतं आणि तण डोकं काढत नाही. खोडाला मात्र पाला टेकू देऊ नका, चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा. साल सतत ओली राहिली तर कुजते. एवढ्या एका बदलाने उचलायचा पाला बराच कमी होतो. माझ्या अनुभवात ज्यांना जागाच नाही असं वाटत होतं, त्यांच्या आवारातही आळ्यांनी आणि कुंपणांनी निम्म्याच्या जवळपास पाला पोटात घेतला. मात्र झाडाभोवती बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट असेल, तर आधी ते किमान एक-एक मीटर फोडून माती मोकळी करावी लागेल.

यावर दोन हरकती हमखास येतात. पहिली सापांची. जाड, सैल, उंच ढिगात उंदीर घर करतात आणि उंदरांमागे साप येतो हे खरं आहे. तीन-चार इंचांच्या पसरलेल्या थरात उंदीर घर करत नाही. दुसरी हरकत वाळवीची. वाळवी सुक्या, मेलेल्या पाल्यावर येणारच, तिचं कामच ते आहे. निरोगी झाडाला त्यापासून सहसा धोका नसतो, पण इमारतीच्या भिंतीला आणि लाकडी चौकटींना लागून पाला ठेवू नका. दोन फूट अंतर पाळा.

आता उरलेला पाला. इथे मला थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि मीही केल्या आहेत. सुरुवातीच्या काळात मी एका बागेत तीन फूट खोल विटांचा पक्का खड्डा बांधून घेतला, त्यात आंब्याचा आणि देशी बदामाचा कोरडा पाला दाबून भरला आणि वर्षभराने उघडला. वरचा फूटभर पाला जसाच्या तसा निघाला, शिरांसकट. तळाशी पावसाचं पाणी साचून काळा, आंबूस वास मारणारा चिखल झाला होता. वर पाणी नाही, खाली हवा नाही, अशी दोन्हीकडून उपासमार. तेव्हापासून मी पुण्यात खड्डा खणायला सांगत नाही, जमिनीवर जाळीची कणगी करायला सांगतो.

कणगी म्हणजे धान्याच्या कणगीसारखाच गोल आकार, फक्त तारेच्या जाळीचा. १३ फूट लांब आणि ४ फूट रुंद जाळी घ्या, टोकं तारेने जोडा, की साधारण ४ फूट व्यासाचा आणि ४ फूट उंचीचा पिंजरा उभा राहतो. कोंबडी-जाळी चालते, पण ती वाकते. वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली ताठ जाळी, एकदा घेतली की कैक वर्षं टिकते. मातीवर ठेवा, फरशीवर नको. तळाशी काड्या-डहाळ्यांचा वीतभर जाड थर द्या, म्हणजे खालून हवा खेळते. मग फूटभर पाला, त्यावर बोटभर गवत किंवा हिरवी छाट, त्यावर घमेलंभर जुनं खत किंवा बागेची माती आणि भरपूर पाणी. असे थर वरपर्यंत. पाला पायाने तुडवत भरला तर एका कणगीत साधारण २५ ते ३० पोती मावतात. धान्याच्या मोठ्या पोत्यात सुका पाला पाच किलोच्या आसपासच बसतो, म्हणून ढीग प्रचंड दिसतो आणि वजन फारसं नसतं. आठवड्याभरात कणगी फूटभर खाली बसते, तेव्हा पुन्हा भरा.

सुक्या पाल्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी असतो. एका भाग नायट्रोजनला ४० ते ८० भाग कार्बन, असं साधारण प्रमाण. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते २५ ते ३० भागांच्या आसपास हवं असतं. ताज्या कापलेल्या गवतात ते १५ ते २५ असतं. म्हणजे उद्यानातलं जे ओलं गवत गोणीत दुर्गंधी सुटेपर्यंत पडून राहतं, तेच तुमच्या पाल्याला हवं आहे. मापाने तीन टोपली पाला आणि एक टोपलं ताजं गवत, एवढं सोपं प्रमाण माळ्याला सांगा. शेजारच्या उद्यानाच्या माळ्याशी बोलून घ्या, तो आनंदाने गवत देईल. गवत मिळालं नाही तर गिरीपुष्पाच्या फांद्यांचा पाला उत्तम. सुबाभळीचाही चालतो, पण शेंगा नसताना. तिचं बी टणक असतं, कुजत नाही, आणि मग जिथे जिथे खत टाकाल तिथे सुबाभूळ उगवते. गाजर गवत फुलायच्या आधी उपटलेलं असेल तरच ढिगात घाला.

शेणकाला घालावा का, असं सगळे विचारतात. घाला, पण तो विरजणासारखा आहे हे लक्षात ठेवा. लिटरभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, वाटीभर घातलं म्हणून दही जास्त होत नाही. कणगीला दोन-तीन बादल्या शेणकाला पुरतो. शेण मिळत नसेल तर आंबट ताक आणि मूठभर गूळ पाण्यात कालवून शिंपडा, किंवा आधीच्या ढिगातलं अर्धवट कुजलेलं खत घाला. हे शेवटचं सगळ्यात चांगलं, कारण त्यात तुमच्याच पाल्यावर वाढलेली बुरशी आणि जिवाणू असतात. बाजारातल्या महागड्या कल्चरच्या पुड्यांची मला कधी गरज पडली नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. सुका पाला पाणी घेत नाही. वरून पाइपने कितीही मारा, ते पानांवरून घसरून निघून जातं आणि आत हात घातला तर कोरडं. म्हणून भरायच्या आधी पाला टाकीत किंवा जुन्या पिंपात रात्रभर भिजवा. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून, पुढे आलेल्या अमृत मातीच्या पद्धतीतही हेच केलं जातं. शेण, गोमूत्र आणि गूळ तीन दिवस मुरवून केलेल्या अमृत जलात दहा पट पाणी घालतात आणि सुका पाला त्यात दिवसभर भिजवून मग मातीबरोबर थर लावतात. गच्चीवरच्या बागेसाठी ती माती फार सुंदर होते, हलकी आणि काळीभोर. पण तिला मन लावून करणारी माणसं लागतात. चार हौशी घरं असतील तर जरूर करा, सगळ्या आवाराचा पाला त्या पद्धतीने संपणार नाही.

ओल पुरेशी आहे का हे पाहायला मूठभर माल हातात घेऊन आवळा. बोटांतून एक-दोन थेंब आले की बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही तर कमी. ढीग तापतोय का हे पाहायला एक लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. हात ठेववत नसेल तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस आहे आणि काम झकास चाललं आहे. एवढी उष्णता काही दिवस टिकली, की बहुतेक तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. मात्र हे फक्त मधल्या भागात घडतं, म्हणून पंधरा दिवसांनी कणगी उचलून शेजारी ठेवायची आणि बाहेरचा माल आत, आतला बाहेर असा पुन्हा भरायचा.

किती वेळ लागेल? झाडाझाडावर आहे. रेन ट्रीची पानं म्हणजे बारीक पर्णिका, त्यात डाळवर्गीय झाडाची, ती लवकर विरघळतात. गुलमोहर, कडुनिंब तसेच. भिजवून, गवत घालून आणि उलथून तीन-चार महिन्यांत काळं खत मिळतं. आंबा, फणस, वड यांची पानं जाड आणि मेणचट. ती अख्खी घातली तर वर्ष लागतं, म्हणून ती वेगळ्या कणगीत भरा आणि घाई करू नका. बांबूच्या पानात सिलिका जास्त, तीही हळू कुजतात. नुसत्या पाल्याची, काही न घालता ओली ठेवलेली कणगी मुख्यतः बुरशीच्या जोरावर कुजते. वर्ष-सव्वा वर्षाने त्यातून जे पानखत निघतं त्यात अन्नांश बेताचे असतात, पण पाणी धरून ठेवायची ताकद मोठी असते. कुंड्यांच्या मिश्रणात कोकोपीटऐवजी मी तेच वापरतो. आमच्या कोकणात बायका रानातून पातेरा गोळा करून गोठ्यात अंथरतात आणि मग तो शेणखतात जातो, ते याच शहाणपणातून. तिथेच भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायची, म्हणजे जमिनीवर पाला-काटक्या पसरून जाळायची, रीतही आहे, आणि 'राख चांगली असते' ही आपल्या माळ्यांची समजूत बहुधा तिथूनच आलेली आहे. राखेत पालाश उरतं हे खरं. पण पाल्यातला बहुतेक नायट्रोजन आणि कार्बन धुरातून जातो, आणि शहरात तो धूर शेजारच्या दम्याच्या माणसाच्या छातीत जातो.

ढिगात पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की घाबरून फोन येतात. त्यातली एक अळी उचलून फरशीवर ठेवा. ती पाठीवर उलटी होऊन सरकू लागली, तर ती फुलभुंग्याची. ती पाला खाऊन बारीक करते, तिला ढिगात परत सोडा. तशी न सरकता इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडून राहणारी, अंगठ्याएवढी मोठी अळी गेंडा भुंग्याची असू शकते, आणि तुमच्याकडे चार नारळ आहेत म्हणून हे सांगतो आहे. हा भुंगा कुजत्या ढिगात वाढतो आणि मोठा झाल्यावर नारळाचा शेंडा पोखरतो. अशा अळ्या वेचून काढा. फार असतील तर मेटारायझियम नावाची बुरशी ढिगात मिसळा, कृषी सेवा केंद्रात मिळते. नारळाजवळ कणगी ठेवू नका.

गांडूळखताचं थोडक्यात सांगतो. गांडुळं कोरडा पाला खात नाहीत आणि तापलेल्या ढिगात मरतात. आधी कणगीत महिना-दीड महिना पाला कुजवून थंड होऊ द्या, मग गांडुळांना द्या. पाल्याच्या प्रश्नावर गांडूळखत हे पहिलं उत्तर असू शकत नाही.

फांद्यांचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याखाली शहरी भागात छाटणीलाही परवानगी लागते, ती घ्याच. छाटणीचा ठेकेदार जाड लाकूड घेऊन जातो, कारण त्याला भाव आहे, आणि तुमच्या दारात डहाळ्यांचा डोंगर सोडून जातो. पुढच्या वेळी करारातच लिहून घ्या की मनगटापेक्षा बारीक फांद्या चिपरमधून, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनमधून, काढून चुरा आवारात टाकायचा. मशीन विकत घेऊ नका, भाड्याने येतं. वर्षातून दोन-तीन दिवसांच्या कामासाठी विकतचं चिपर गंजत पडलेलं मी पाहिलं आहे. लाकडाचा चुरा वाटांवर आणि मोठ्या झाडांच्या आळ्यात अंथरायला फार चांगला. वाफ्याच्या मातीत मात्र कालवू नका. मातीत गेला की तो कुजताना आजूबाजूचा नायट्रोजन ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरला तर हा त्रास जवळजवळ होत नाही. नारळाच्या झावळ्या आणि शोभेच्या पामच्या फांद्या चिपरमध्ये घालू नका, त्यांचे धागे पात्याच्या दांड्याला गुंडाळतात. झावळीचे हीर काढून खराटे बनवा, उरलेला दांडा वाफ्याची कड धरायला वापरा. कण्हेरीची छाट वेगळी ठेवा, ती कुजवली तर चालते, पण जाळू नका आणि कोणाच्या शेळ्यांना तर अजिबात देऊ नका, ती विषारी आहे.

चिपरवर काम करणाऱ्या माणसांबद्दल एक विनंती. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातला दोरा यांपैकी काहीही त्या तोंडाजवळ जाता कामा नये. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, आणि अडकलेली फांदी मशीन बंद करूनच काढायची. हे काम बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर ढकललं जातं, म्हणून त्याची काळजी समितीने स्वतः उभं राहून घ्यायला हवी.

ब्रिकेट, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात तो, चांगला उद्योग आहे, पण तो सोसायटीचा नाही, शहराचा आहे. भुसा प्रचंड दाबाखाली तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तोच डिंकासारखा सगळं धरून ठेवतो. त्यासाठी माल १० ते १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचा हवा आणि रोज टनांनी हवा. चांगल्या ब्रिकेटमध्ये किलोमागे ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. झाडून गोळा केलेल्या पाल्याबरोबर मात्र माती येते, राख वाढते, बॉयलरमध्ये खडे धरतात आणि यंत्राचे साचे झिजतात. म्हणून ब्रिकेटसाठी मी डहाळ्यांचा चुराच योग्य मानतो. पाला मातीचा आहे, तो मातीत जावा.

बायोचारबद्दलही तेच. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत शेतकऱ्यांसाठी विकसित केली आणि २००२ मध्ये तिला स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठीचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. तत्त्व सोपं आहे: हवा कोंडून माल तापवायचा, म्हणजे तो जळून राख न होता कोळसा होतो. शेतात हे फार उपयोगी आहे. पण दाट वस्तीत पिंप पेटवलं, की भट्टी नीट जमेपर्यंत धूर होतोच, आणि धुरावरूनच तर तुमच्याकडे भांडण सुरू झालं. शिवाय आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात कोळसा बेतानेच घालावा लागतो आणि आधी जीवामृतात (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या काल्यात) किंवा खतात मुरवून घालावा लागतो.

रस्त्यावरून झाडलेला पाला आवारातल्या पाल्यात मिसळू नका. त्यात गाड्यांचं तेल, ब्रेकची भुकटी, टायरची धूळ असते. त्याची वेगळी कणगी करा आणि ते खत फक्त शोभेच्या झाडांना, मोठ्या वृक्षांना द्या, भाजीला नाही. उद्यानात कुत्री फिरत असतील तर तिथल्या खतालाही हाच नियम. मुळा-मुठेतली किंवा तलावातली जलपर्णी कोणी फुकट देऊ केली तर नको म्हणा. ती जवळजवळ सगळी पाणीच असते, आणि सांडपाण्यावर वाढलेली असल्याने तिच्यात जड धातू उतरलेले असू शकतात.

सभासदांना समजावताना नियमही हाताशी ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवायला सांगितला, आणि उद्यानांतला कचरा शक्य तितका उद्यानातच जिरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पण नुसता दंड दाखवून माळ्याचं जाळणं थांबत नाही. तो जाळतो कारण त्याला सकाळी नऊच्या आत आवार स्वच्छ करून द्यायचं असतं आणि पाला ठेवायला जागा कोणी दिलेली नसते. त्याला जागा द्या, एक दाताळं द्या, पाण्याचा नळ कणगीपर्यंत आणा आणि पानगळीच्या महिन्यांत रोज दोन तास जादा कामाचा मोबदला द्या. तुमचे पैसे कशावर घालायचे, याचं माझं उत्तर हे आहे.

आगीचं सांगायचं राहिलं. एका दिवाळीत आमच्या कोरड्या पाल्याच्या साठ्यावर बाण येऊन पडला आणि कुंपणाची झाडं होरपळली. तेव्हापासून कोरडा साठा मी ठेवतच नाही, पाला आला की त्याच दिवशी भिजत घालतो.

४० झाडांना चार कणग्यांपासून सुरुवात करा: दोन रेन ट्रीसाठी, एक आंब्यासाठी, एक रिकामी, उलथायला. पहिल्या पावसाआधी वरून जुनं पोतं किंवा ताडपत्री टाका, नाहीतर ढीग नुसता भिजून थंड पडतो. भरलेल्या एका कणगीतून चार-पाच पोती चाळलेलं खत निघेल. चाळणीवर जे राहील, म्हणजे काड्या, देठ, आंब्याची न विरघळलेली पानं, ते फेकू नका. एका पोत्यात ओलसर ठेवून द्या. पुढच्या जानेवारीत पहिली कणगी लावाल तेव्हा तळाला तेच घालायचं.